खापरला नेलेला समुद्र

परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "मग, नंदुरबारकडे काय काय पाहिलंस?" कुणाला तोरणमाळचं तळं ऐकायचं असतं, कुणाला सातपुड्यातला वाघ. मी बापडी गप्प बसते. कारण मी तिकडे काही बघायला गेलेच नव्हते, मी दाखवायला गेले होते. मुंबईचा समुद्र दोन बरण्यांत भरून मी थेट खापरच्या बाजारात नेला.

आता हे ऐकून तुम्हाला वाटेल, बाईचं डोकं फिरलंय. आमच्या साहेबांनाही तसंच वाटलं होतं. मी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत समुद्राचं पाणी तपासते. त्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव ओळखायचे, मोजायचे आणि कागदावर मांडायचे, एवढंच माझं काम. जन्म मालवणचा, त्यामुळे समुद्रातलं जे दिसतं ते खाण्यात बालपण गेलं आणि जे दिसत नाही ते मोजण्यात तरुणपण चाललं आहे. गेल्या दिवाळीत खापरच्या शाळेचे हेडमास्तर पाटीलसर आमच्याकडे आले. तापीकाठच्या गुजर शेतकरी घरातला माणूस, बोलायला गोड आणि चिवट. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ वाकून राहिले. मग म्हणाले, "ताई, आमच्या पोरांनी तापी पाहिली, नर्मदा पाहिली. समुद्रापर्यंत त्यांना आणणं काही मला जमत नाही. तुम्हीच समुद्र घेऊन या."

मी हसले. पण सर हसत नव्हते. त्यांची अडचण वेगळीच होती. खापर म्हणजे अक्कलकुवा तालुक्यातलं बाजाराचं गाव, गुजरातच्या हद्दीला खेटून. डोंगरातली माणसं बाजाराला खाली येतात. होळी झाली की त्यातली कितीतरी बिऱ्हाडं गुजरातेत कामाला जातात, आणि पोरं अर्थातच त्यांच्याबरोबर जातात. पोरं शाळेच्या बोर्डिंगात ठेवा, म्हणून सर आईबापांच्या विनवण्या करत होते. आदल्या वर्षी त्यांनी बाजाराच्या दिवशी चित्रं दाखवण्याचा खेळ जाहीर केला. लोक डोंगर उतरून आले आणि यंत्राचा दिवाच पेटला नाही. "तेव्हापासून शाळा म्हणजे थापा, असं झालंय," सर म्हणाले. "यंदा मी जिवंत समुद्र दाखवीन म्हणून सांगून बसलोय."

"कुणाला विचारून?" मी म्हटलं.

"आता तुम्हाला विचारतोय ना," सर म्हणाले.

साहेबांनी रजा दिली, पण जाताना टोमणा मारलाच. "त्या उन्हात दोन दिवसांत सगळे मरतील. मग दाखव त्यांना खारट पाणी." हे मात्र खरं होतं. मेलेला समुद्र म्हणजे नुसतं मिठाचं पाणी. तो दाखवला असता तर सरांची शाळा आणखी एक थाप मारून मोकळी झाली असती.

सुरतेहून पुढे

सुरतेला तापीच्या खोऱ्यातली गाडी धरली. बरण्यांना ओली किंतानं गुंडाळलेली, तोंडाला फडकं, आणि दोन्ही मांडीशी धरून मी बसलेली. एकीत साधं समुद्राचं पाणी, म्हणजे डायटम नावाचे जीव. ते काचेच्या इवल्याशा डबीत राहतात आणि झाडाच्या पानासारखे उन्हावर जगतात. दुसरीत अंधारात चमकणारे जीव. अशा जीवांनी रात्री लाटा उजळल्या की आमच्याकडे म्हणतात, पाणी पेटलं.

समोरच्या बाकावर व्याऱ्याला उतरणारी एक आजीबाई होती. लोणचं आहे का, मासे आहेत का, असं विचारून झालं. समुद्राचं पाणी म्हटल्यावर तिने हात जोडले आणि तीर्थ मागितलं. मी नको नको म्हणेपर्यंत तिने फडक्याला बोट लावून जिभेवर ठेवलंसुद्धा. तिचा चेहरा असा काही झाला की सगळा डबा हसला. "देव भारी खारा आहे हो तुमचा," असं काहीसं ती गुजरातीत म्हणाली आणि वर मला दोन केळी दिली.

नवापूर गेलं तशी हवा कोरडी झाली. मी कोकणातली. माझ्या अंगाला हवेतला ओलावा जणू पांघरुणासारखा लागतो, आणि इथे ते पांघरूण कुणी ओढून घेतल्यासारखं झालं. ओठ तडकले. किंतानं तर हातातल्या हातात वाळत होती. प्यायला आणलेलं पाणी मी बरण्यांवर शिंपडत राहिले आणि नंदुरबारला उतरले तेव्हा घशाला कोरड पडली होती.

धानोरा

स्टेशनवर सर न्यायला आले होते. पहिला मुक्काम धानोऱ्याला, त्यांच्या बहिणीकडे. बहिणीचं नाव जमनाताई. घरात पाऊल टाकताच मी पहिलं काय केलं असेल तर सूक्ष्मदर्शक काढून पाण्याचा थेंब बघितला. मंडळी जिवंत होती, पण पाणी कोमट झालं होतं.

"आते काय करानं?" जमनाताईंनी विचारलं. घरात नवी नवरी आजारी पडावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"थंडावा हवा. माठाजवळ ठेवू?"

"माठ कितला थंडा व्हई! मळामा केळी शेत ना."

झालं, समुद्राची वरात केळीच्या बागेत गेली. दुपारचीच वेळ होती, बाहेर डोळे उघडत नव्हते आणि केळींच्या आत मात्र ओल्या मातीचा गारवा. पाटाचं पाणी नुकतंच देऊन झालं होतं. तिथे खड्डा करून बरण्या गळ्यापर्यंत पुरल्या, वर केळीची पानं घातली. माझ्या समुद्राला पहिल्यांदाच कुणी एवढ्या थाटात झोपवलं असेल.

जेवायला कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची चटणी. कळणा म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ. भाकरी खरपूस, आणि भरतावर तेल असं की आमच्या घरी तेवढ्यात आठवडा जावा. भरीत तिखट होतं हे मी नाकातोंडातून पाणी येईपर्यंत कबूल केलं नाही. "आमच्याकडे नारळ घालतात," मी म्हणाले. जमनाताई म्हणाल्या, "नारळ तर देवले ऱ्हास!" नारळ देवापुढे फोडायचा, त्याची आमटी करायची म्हणजे चैनच झाली. मासे खाता का, असंही त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं. मग त्यांनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं आणि भरीत आणखी वाढलं.

सकाळी बरण्या उकरल्या. पाणी गार होतं आणि जीव अगदी टवटवीत होते.

तापी ओलांडून अक्कलकुव्याकडे

एस.टी.तून तापी ओलांडली. पात्रात पाणी थोडं आणि दोन्ही काठांना काळी जमीन, नजर पोचेल तिथवर. सर शेजारी बसले होते. म्हणाले, "पावसाळ्यात या, मग बघा. अर्धी काळी माती वाहून जाते. आमचे वडील शिव्या देतात नदीला."

"शिव्या नका देऊ," मी म्हटलं. "ती माती समुद्रात जाते, तिच्यावरच तर हे जीव पोसतात. तुमच्या बापजाद्यांच्या शेतातलं खाऊन माझी पोरं मोठी झालीत."

सरांनी बरण्यांकडे असं पाहिलं की जणू आताच नातं लागलं. पुढे जो भेटेल त्याला ते हेच सांगत सुटले.

अक्कलकुव्याला गाडी बराच वेळ थांबली. होळी जवळ आलेली, त्यामुळे बाजार फुललेला. डोंगरातल्या बाया चांदीचे जाड दागिने घालून गुळाच्या ढेपा पारखत होत्या. गाडीत रायसिंग नावाचे एक पावरा आदिवासी गृहस्थ चढले. दोन मुली सरांच्या शाळेत होत्या, त्यामुळे सरांना रामराम झाला, पण तो जरा तोंडदेखलाच. त्यांनी तळहातावर तंबाखू घेतली, डबीतला चुना बोटाने काढला आणि मळायला लागले. मला राहवलं नाही.

"दादा, हा चुना कशाचा माहीत आहे?"

"भट्टीना. दगडना," ते म्हणाले.

"आणि तो दगड कशाचा? असा कितीतरी दगड पूर्वी समुद्राच्या तळाशी झाला. एवढेसे जीव हवेतला वायू घेऊन अंगावर कवच करतात, मेले की कवच तळाला जाऊन बसतं. त्याचे थर साचून दगड होतो. म्हणजे हवाच दगडात कोंडून ठेवायची."

रायसिंगदादांनी तंबाखूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शांतपणे गालात धरली. मग सरांना त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाले. सर ओशाळले. मी खोदून विचारल्यावर सांगितलं, "म्हणतायत, गेल्या सालचा दिवा पेटला नाही, औंदा बाई आणली."

खापर, बाजाराचा आदला दिवस

खापरला माझी सोय हिराशेठच्या घरी केली होती. कापडाचं दुकान, मागे घर, माळ्यावर पाहुण्यांची खोली. मारवाडी जैन कुटुंब, पण पिढ्यान् पिढ्या इथलं, त्यामुळे बोलणं सगळं अहिराणीत. शेठ मितभाषी. घर चालवायच्या त्या त्यांच्या बायको, चंपाकाकी, चाळिशी उलटलेल्या, कमरेला किल्ल्या आणि तोंडात सतत हुकूम. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं, कांदालसूण नाही, बटाटा नाही, हे त्यांनी मला उंबऱ्यातच सांगून टाकलं. माशांचा विषय मी काढला नाही. एवढी अक्कल मला कोकणानेच शिकवली आहे.

"बरणीमा काय शे?" काकींनी विचारलं.

"समुद्राचं पाणी. आणि जीव. एका थेंबात बघाल तर मोजता मोजता थकाल इतके." मी फुशारकीने सांगितलं.

काकींचा हात किल्ल्यांवरच थांबला. "जीव? बठ्ठा जित्ता?"

"सगळे जिवंत. म्हणून तर सांभाळून आणलेत."

मी बरण्या मोरीशेजारी गारव्याला ठेवल्या आणि सरांबरोबर शाळेत गेले. एका वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार करायचा होता, दुसऱ्यात सूक्ष्मदर्शक मांडायचा होता. घोंगड्या खिडकीवर टिकेनात. मी खुर्चीवर, सर बाकावर, शिपाई आमच्या दोघांना धरून, अशी सर्कस दुपारभर चालली. कडेची घोंगडी माझ्या डोक्यावर पडली तेव्हा मी मालवणीत जे बोलले ते सरांना कळलं नाही, हे बरंच झालं.

परत आलो तर मोरीच्या कडेला दोन्ही बरण्या पालथ्या घातलेल्या. स्वच्छ, चकचकीत आणि रिकाम्या.

माझ्या तोंडून ओरडणंच निघालं. "काकी! पाणी कुठाय?"

"गाळी टाकं," काकी म्हणाल्या. "आमना घरमा अळगण पाणी ऱ्हास नही."

पाणी न गाळता ठेवायचं नाही हा त्यांच्या घरचा नेम. त्यात जीव असतात, ते आपल्या हलगर्जीपणाने मरतात, पाप लागतं. आणि मी तर जीव आहेत असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं! सर तिथेच पायरीवर बसले. त्यांच्या तोंडावरचा रंग गेला होता. दुसऱ्या दिवशी बाजार, निरोप डोंगरात पोचलेले, रायसिंगदादांसारखी माणसं वाटेला लागलेली. आणि समुद्र गेला मोरीत. माझे डोळे भरून आले, रागानेही आणि त्या बिचाऱ्या जीवांसाठीही. केळीच्या बागेत झोपवून, ओठ कोरडे ठेवून इथवर आणलं ते ह्याच्यासाठी का?

"काबरं रडी ऱ्हायनी?" काकींना खरंच कळेना. "जीव तर ठेयेल शेत."

"ठेवलेत? कुठे?"

त्या मला कोठीत घेऊन गेल्या. चिनी मातीचा एक मोठा सट होता, लोणच्याचा असावा, घासून लख्ख केलेला. त्यात तळाशी हिरवट-तपकिरी गढूळ पाणी. शेजारी कोरा माठ, त्यात गाळलेलं समुद्राचं पाणी.

"गाळणं उलटं करीसन जिवाणी परत विहिरमा सोडतस," काकी सांगू लागल्या. जिवाणी म्हणजे गाळण्यात अडकलेले जीव. ते त्याच गाळलेल्या पाण्याने हळूच धुऊन, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत नेऊन सोडायचे. एका पाण्याचा जीव दुसऱ्या पाण्यात घालायचा नाही, तो मरतो. रोज सकाळी त्या हेच करतात, आणि त्यांच्या आईनेही हेच केलं. "मी गाळं, मन्हा हातवर धवळं मीठ उनं. म्हंतं, हाई तर आपली विहीरनं पाणी नही. मंग सोडू कोठे? पितळले खारं पाणी लागस, म्हणीसन सटमा ठेवं. तू ये, तुले इचारू, हाई पाणीनी विहीर कोठे शे?"

मला हसावं की त्यांच्या पाया पडावं ते कळेना. मी धावत माळ्यावरून सूक्ष्मदर्शक आणला. सटातला थेंब काचेवर घेतला आणि डोळा लावला. काय गर्दी! प्रयोगशाळेत आम्ही रेशमाच्या जाळीने पाणी गाळून जीव एका जागी आणतो. काकींच्या दुहेरी मांजरपाटाने तेच झालं होतं. डायटम खच्चून भरले होते, त्यांच्या काचेच्या डब्या शाबूत होत्या. चमकणाऱ्या जीवांचं मात्र नुकसान झालं होतं. ते नाजूक, कापडावर पुष्कळसे फुटले होते. थोडे गोल, फुगलेले, अजून हलत होते. किती जगतील ते सांगवेना.

मी काकींना खरं ते सांगितलं. त्या खाली बसल्या. "म्हंजे मन्हा हातथून मरनात?"

"तुमच्यामुळे नाही. ते इथे आणले मी." हे मी समजूत घालायला म्हटलं नव्हतं. "पण बाकीचे वाचलेत."

काकी उठल्या आणि ओल्या फडक्याने सट गुंडाळायला लागल्या. त्या दिवशी त्या सूर्यास्ताआधी जेवल्या नाहीत, म्हणजे जेवल्याच नाहीत.

खापर, बाजार

दुसऱ्या दिवशी काकी शाळेत हजर! घराबाहेर सहसा न पडणाऱ्या बाईला बघून बाजारात कुजबुज झाली. हातात वाडगा, वाडग्यात गाळलेलं समुद्राचं पाणी. त्यांची अट एकच. काचेवरचा थेंब वाळू द्यायचा नाही. एकाने पाहिलं की थेंब धुऊन वाडग्यात, वाडगा सटात, मग पुढच्यासाठी नवा थेंब.

"काकी, रांग बघा किती आहे!"

"तेस्ले घाई शे, मरनारले नही का?"

प्रयोगशाळेत थेंब वाळून किती जीव जातात हे मी, मोजणीचं काम करणारी बाई, कधी मोजलं नव्हतं. झालं, रांग मुंगीच्या पावलाने सरकू लागली. एक माणूस बघे, मी काच उचले, काकी धुवून घेत. लोक कुरकुरले, मग त्यांनाही त्याची गंमत वाटू लागली. बाजाराची वेळ, मसाल्याचा वास, बाहेर शेंगा विकणाऱ्याची आरोळी, आणि आत सगळे श्वास धरून. एका बाईने डोळा लावला आणि एकदम मागे सरकली. आत बांगड्या भरल्यात म्हणाली. डायटम खरंच तसे दिसतात.

मी मधूनमधून सांगत होते, सर अहिराणीत आणि मग डोंगरच्या बोलीत फिरवून सांगत होते. तुमच्या डोंगरात साग आहे, मोह आहे, त्यांची पानं हवा शुद्ध करतात हे पोरांच्या पुस्तकात आहे. समुद्रातही तसंच रान आहे, फक्त त्यातलं प्रत्येक झाड एवढं लहान की हजारो झाडं एका थेंबात राहतात. आपण सोडलेला, चुलीने सोडलेला, सुरतेच्या गिरण्यांनी सोडलेला धुराचा वायू ही मंडळी आत घेतात आणि आपल्याला श्वासाची हवा देतात. मेल्यावर त्यातला थोडा वायू घेऊन खोल तळाला जातात. हवेत तो वायू फार साचला तर धरतीला जास्तीची गोधडी पांघरल्यासारखं होईल, ऊन आत येईल पण ऊब बाहेर जाणार नाही, असं काही विद्वान आताशा बोलू लागलेत. ते खरं असो नसो, आज ती गोधडी हलकी ठेवायला हे जीव राबतात.

"म्हंजे तेस्नी सोडेल हवा मी लेस?" काकींनी मध्येच विचारलं. वाडगा हातात तसाच.

"तुम्ही, मी, सगळेच. बराचसा वाटा त्यांचा."

काकींनी पुढची काच आणखी हळू धुतली.

मग अंधाराचा वर्ग. घोंगड्या, वर आणखी गोणपाटं, दार लावलेलं. कोपऱ्यात रायसिंगदादा उभे होते, त्यांच्या दोन्ही मुली पुढे. चमकणारे जीव वर तरंगतात, म्हणून सटातलं वरचं पाणी मी काचेच्या बरणीत वेगळं काढलं होतं. हाताने बरणी हळूच घुसळली. काही नाही. काळोख आणि माणसांचा वास. पुन्हा घुसळली, तरी काही नाही. कुणीतरी खाकरलं. सरांचा श्वास माझ्या कानाशी जोरात चालला होता. मागून एकजण म्हणाला, "दिवा परत नही पेटना." दोघेतिघे हसले.

"थांबा जरा. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या," मी म्हटलं. आवाज धीराचा काढला. थोडं थांबून बरणीला बोटाने टिचकी मारली.

निळी ठिणगी उडाली. एकच, आणि लगेच विझली. मग शेजारी दुसरी. मी बरणी फिरवली तसा काचेच्या कडेने एक फिकट निळा धागा उमटला आणि मोडला. मुंबईत भरली तेव्हा बरणीभर उजेड व्हायचा, त्याच्या मानाने हे काहीच नव्हतं. पण मघाशी हसलेलेच पुढे सरकले.

"तेल नही, वात नही," रायसिंगदादांचा आवाज आला. "मंग पेटस कसं?"

"जित्ता शे म्हणीसन," अंधारातून काकींनीच उत्तर दिलं.

रायसिंगदादांनी पुन्हा दाखवायला सांगितलं. मी काकींच्या दिशेला पाहिलं. त्या म्हणाल्या, "एकच दाव." मी एकदाच टिचकी मारली.

बाहेर उन्हात आल्यावर दादा सरांशी त्यांच्या बोलीत बराच वेळ बोलले. मुली होळीला घरी नेतो, होळी झाली की परत आणून सोडतो, बोर्डिंगात ठेवा, असं म्हणाले. सरांनी माझे दोन्ही हात धरले आणि सोडायचं विसरले.

डुमस

माझा बेत पुढे नर्मदेवर जायचा होता. डोंगरातून जीप मिळणार होती, सरांनी ठरवूनही ठेवली होती. नर्मदा पाहायची मला फार इच्छा होती. उरलेलं पाणी मी तिथेच सोडणार होते.

"नर्मदामा?" काकी म्हणाल्या. "ती गोडी शे."

"ती समुद्रालाच जाते ना, काकी."

"तठलोंग जगतीन का?"

नसते जगले. मला ठाऊक होतं. खाऱ्याचे जीव गोड्यात घातले की तिथल्या तिथे फुगून फुटतात. काकी म्हणाल्या, "तू आनात, आते तेस्ले घर पोचाड." आणि मग, जरा थांबून, "मी बी येस."

हिराशेठ माल घ्यायला सुरतेला जाणारच होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं, सटाकडे पाहिलं आणि तिसरं तिकीट काढलं. काकींनी समुद्र कधी पाहिला नव्हता. गाडीभर त्यांनी सट मांडीवरून खाली ठेवला नाही, आणि शेठच्या मांडीवर गाळलेल्या पाण्याचा माठ. हद्दीवर पोलिसाने माठात काय म्हणून विचारलं. महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे होऊन दोनतीनच वर्षं झाली होती आणि त्या पोलिसाला दारूचा वास कुठेही येत असे. शेठ म्हणाले, "समुद्र." त्याने वाकून वास घेतला आणि शेठची माफी मागितली.

सुरतेजवळच्या डुमसला पोचलो तेव्हा भरतीची वेळ होती. काळी वाळू, मातकट पाणी, गार वारा. मुंबई-मालवणच्या मानाने अगदीच रूक्ष किनारा, पण माझ्या अंगाला तो ओला वारा लागला आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. मी सूक्ष्मदर्शकाची पेटी उघडू लागले. निदान शेवटचं बघावं, किती उरलेत. काकींनी झाकणावर हात ठेवला.

"नको. एक बी थेंब कमी नको करू."

मी पेटी बंद केली. आमच्या साहेबांनी विचारलं तेव्हा त्यांना सांगायला माझ्याजवळ आकडा नव्हता.

"तू जाय. तुले सवय शे," काकी म्हणाल्या. मी साडी खोचली, सट घेऊन गुडघाभर पाण्यात गेले, आणि त्यांनी सांगितलं तसा तो पाण्याच्या आत बुडवून हळूच कलता केला. वरून ओतायचं नाही, मार लागतो. मग माठातलं पाणीही तसंच सोडलं. मातकट पाण्यात आमचं पाणी कुठलं, काहीच वेगळं दिसेना.

मागे वळून पाहिलं. चंपाकाकी कोरड्या वाळूवर उभ्या होत्या. शेठ चपला काढून पाण्यात उतरले होते, लहान मुलासारखे पाय बुडवत होते. एक लाट पुढे आली तशा काकी मागे सरल्या. दुसरी आली, त्या आणखी मागे सरल्या.

"काकी, या ना!" मी ओरडले. "भिऊ नका, मी धरते!"

"भ्याव नही वं," त्या म्हणाल्या. "इतला जीव शेत. तेस्नावर पाय कसा ठेवू?"

भरती वाढत होती. काकी पदर सावरून, समुद्राकडे तोंड करून, एकेक पाऊल मागे सरत होत्या. समुद्राला येण्यासाठी जागा करून देत होत्या. मालवणात लहानपण गेलं माझं. समुद्रावर आलेली माणसं मी हजारोंनी पाहिली, पण अशी एक नाही पाहिली. मी गुडघाभर पाण्यात उभी होते. आधी शेठ बाहेर आले, मग मीही आले.